दावणीचा बैल आणि पन्नास रुपये

गेल्या शनिवारी चाकणच्या बाजारात बैल विकायला नेला आणि रात्री तोच बैल घेऊन पवनानगरला परत आलो. पिकअपचं भाडं दोन्ही बाजूंनी खिशातून गेलं. दिवसभरात एकानंच दर केला, अकरा हजार, तोही उधारीवर. दुसरा व्यापारी ओळखीचा. तो म्हणाला, "दादा, बैल चांगलाय, पण औताला आता घेणारं कोण? आणि गाडीत घालून रस्त्यानं न्यायची आमची छाती नाही राहिली."

येताना चार पोरांनी गाडी अडवली. कुठं नेताय, कशाला नेताय. म्हणलं, माझाच आहे बाबांनो, घरी नेतोय. कानातला बिल्ला दाखवला, पावती दाखवली, तेव्हा सोडलं. घरच्या बैलाला घरी न्यायला मला पुरावा द्यावा लागला. म्हणून आज जरा मोठं लिहितोय.

आमच्याकडं आजोबांपासून दोन गाया, एक जोडी आणि एखादं खोंड असायचं. खोंड दोन दाती झालं की जुवाखाली शिकवायचं. भाताची चिखलणी, गाडी, औत अशी काही वर्षं काढायची. मग उतार लागायच्या आत बाजार दाखवायचा आणि आलेल्या पैशात थोडी भर घालून नवं खोंड आणायचं. घरातलं लग्न असो की दवाखाना, पहिली नजर दावणीकडं जायची. आमची बँक तीच होती.

हे चाक फिरायचं, कारण जनावर विकता यायचं. गोठ्यात येणारं दार आणि बाहेर जाणारं दार, दोन्ही उघडी होती.

1976 च्या राज्याच्या कायद्यात गाय कापायला बंदी होती, निकामी बैलाला मात्र दाखला मिळत असे. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही बंदीत आले. आता खरं बोलतो. म्हातारा बैल पुढं कुठं जातो, हे आजोबांनी विचारलं नाही, वडलांनी नाही आणि मीही नाही. पोळ्याला ज्याच्या पायावर पाणी घालायचं, त्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात देताना आई घरात निघून जायची. तिला माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. त्यामुळं बंदी आली तेव्हा मनातून मला बरंच वाटलं होतं.

पण बैल बारा वर्षांचा झाला की काम संपतं, आयुष्य नाही. पुढं आणखी सहा-सात वर्षं तो खातो. घरचा पेंढा फुकट धरला तरी पेंड, भुसा, औषध मिळून मला दिवसाला शंभर रुपये लागतात. वर्षाचे छत्तीस हजार झाले. ते कोणी द्यायचे, हे कायद्यात कुठं लिहिलंय?

30 सप्टेंबर 2024 ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदानाचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण ज्या घरानं गाय वासरू असल्यापासून सांभाळली, त्या घरच्या गोठ्याला त्यातलं काही नाही. म्हणजे मी जनावर सोडून दिलं तर त्याला खर्च मिळणार, सांभाळलं तर नाही. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा दगावलेल्या बैलामागं 25 हजार भरपाई होती. माझ्या जिवंत बैलाला शनिवारी त्याच्या निम्मेही कोणी देईना.

काही मित्र म्हणतील, शर्यती सुरू झाल्यात की. खरंय. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि मावळातले घाट पुन्हा गाजायला लागले. पण घाटात पळणारा बैल हजारात एखादा. बाकीच्यांचं काय? आणि जर्सीच्या गोऱ्ह्याला तर वशिंडच नीट नसतं, आपल्या पावसात तो औताला टिकत नाही.

त्यात आपल्याकडं चराई उरली कुठं? धरणात आधीच जमिनी गेल्या. राहिलेल्या डोंगरउताराला बंगल्यांची कुंपणं आणि काठाला तंबू. चिखलणीला पॉवर टिलर आला, तो दुपारी पेंड मागत नाही. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मधे राज्यातला गोवंश सुमारे 1 कोटी 55 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर आला. टिलर, चारा, मजुरी, सगळीच कारणं असतील. पण जे विकता येत नाही ते माणूस पाळायलाही घाबरतो, हेही त्यातलं एक कारण आहे. माझ्याच वाडीत गेल्या पावसाळ्यात एकानंही नवं खोंड आणलं नाही.

माझं मागणं कायदा मोडायचं नाही. दोनच गोष्टी मागतोय.

एक, जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला सरकारनंच सक्तीचा केलाय. मग बिल्ला आणि बाजार समितीची पावती असेल तर ती गाडी वाटेत फक्त पोलिसांनी तपासावी, इतर कुणी नाही.

दोन, गोशाळेला मिळणारे पन्नास रुपये घरी म्हातारी गाय किंवा बैल सांभाळणाऱ्यालाही मिळावेत. बिल्ला आहेच, वर्षातून दोनदा पशुवैद्यक येऊन बघू दे.

जनावरावर माया आहे असं सगळेच म्हणतात. पण त्या मायेचं बिल आज फक्त एकटा शेतकरी भरतोय.

माझा बैल आत्ता गोठ्यात पेंढा चघळतोय. त्याला पुन्हा चाकणला नेणार नाही, एवढं ठरवलंय. पण त्याच्यानंतर दावणीला दुसरा येईल, असं आज मी मुलाला सांगू शकत नाही. तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? कामशेत, वडगाव, नाणे मावळ, आंदर मावळातल्या मंडळींनी जरूर लिहा. नाही पटलं तर तेही लिहा.