झिलई बाटलीत मिळत नाही

दिवाळीच्या अंकात डुकराच्या मांसाची गोष्ट काढली म्हणून काही घरांत भुवया वर जातील. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी खुशाल पान उलटून चकलीकडे वळावे. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते 'तेरियाकी' असे लेबल लावलेली काळपट बाटली पोर्क चॉपवर उपडी करून 'आज घरी जपानी जेवण केले' असे छाती काढून सांगणाऱ्यांशी.

'तेरी' म्हणजे झिलई, 'याकी' म्हणजे भाजलेले. हे एका रीतीचे नाव आहे, सॉसचे नव्हे. जपानात ही रीत मुख्यतः माशांची. डुक्कर तिच्यात फार उशिरा आले. ६७५ साली सम्राट तेम्मूने गुरे, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने वर्ज्य ठरवले. त्या यादीत डुक्कर नव्हते. तरीही पुढे शतकानुशतके जनावराचे मांस उघडपणे खाणे अप्रशस्तच राहिले. रानडुकराचे मांस 'यामाकुजिरा', म्हणजे 'डोंगरातला देवमासा', या नावाने विकले जाई. (सोवळेही सांभाळायचे आणि जीभही, ही युक्ती आपल्याकडे कुणाला अपरिचित आहे?) १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे मांसाला प्रतिष्ठा आली. म्हणून 'प्राचीन जपानी चव' असे बाटलीवर छापणाऱ्याची आम्हांला कीव येते.

आणि त्या बाटलीत असते काय? पुष्कळदा साखर आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. खरी झिलई पाकाची असते. लाडवासाठी एकतारी पाक ओळखणाऱ्या गृहिणीला ही विद्या परक्याने शिकवावी लागू नये! सोया सॉस, साके आणि मिरिन हे तांदळाचे गोड मद्य सारखे घ्यावे, साखर थोडी, आल्याचा रस असला तर उत्तम. चॉप दोनेक सेंटिमीटर जाड असावा. चरबीच्या कडेला सुरीने चार चिरा द्याव्यात, नाहीतर तो तव्यावर वाटीसारखा वळतो. मैद्याचा पुसट हात फिरवावा. रस धरून ठेवतो तो हाच. मग दोन्ही बाजूंनी भाजून आतपर्यंत शिजवावा, सुटलेली चरबी पुसून काढावी आणि मगच रस ओतावा. इथेच बाटलीवाले फसतात. ते आधीच ओततात. साखर करपते, मांस कच्चे राहते आणि दोष मात्र जपानला! शेवटी ओतलेला रस दोन-तीन मिनिटांत आटतो, मोठे बुडबुडे येतात, तवा तिरका करून तो चमच्याने मांसावर पुन्हा पुन्हा घालावा लागतो. कधी थांबायचे हे डोळ्यांनीच ठरवायचे. बाटली पैशांबरोबर हा निर्णयही स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून काढून घेते, आणि आमचा खरा राग त्याचाच आहे.

'पण मिरिन मिळत नाही हो!' न मिळो. साखर किंचित वाढवा, साधी पांढरी वाइन घाला. तीही नको असेल तर पाणी घाला. जपानी माणूस नाक मुरडेल कदाचित, पण तव्यावरचा पाक तुमचा असेल. चॉप काढून मिनिटभर ठेवा, मग कापा. सोबत केसासारखी बारीक चिरलेली कच्ची कोबी आणि गरम भात. तव्यात उरलेला रस भातावर घ्यायला विसरू नका.