आंबोलीचा भेक आणि आमचे नकाशे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली म्हटले की धबधबे व धुके डोळ्यांसमोर उभे राहते. याच घाटमाथ्यावर कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे मिरविणारा आंबोली भेक राहतो. भेक म्हणजे बेडकाचाच खरबरीत कातडीचा भाऊबंद. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केले. पुढे जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

पहिल्या सरी कोसळल्या की कातळावर उथळ डबकी साचतात. त्यांतच हा भेक अंडी घालतो. डबके आटण्यापूर्वी पिल्लांना पाय फुटावे लागतात. मात्र कातळ आणि रान यांची सलगता रस्ते, लागवड व बांधकामे यांनी तोडली आहे. पावसाळ्यातील पर्यटकांच्या वाहनांखाली किती जीव चिरडले जातात, याची दखल कोण घेतो?

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका माशासाठी २०२१ साली २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसास्थळ घोषित झाले. हे स्वागतार्हच होय. परंतु माशाचे कुंड नकाशावर दाखविता येते. भेकाचे डबके काही आठवड्यांचेच असते. उरलेल्या वर्षभर तो कातळ ‘पडीक’ ठरतो.

पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र ठरविण्याचा प्रश्नही असाच रेंगाळला. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ साली. त्यानंतर ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने सहाव्यांदा मसुदा काढला. त्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र होते, पैकी महाराष्ट्रातील १७,३४०.

ग्रामस्थांच्या शंकेला विरोध म्हणून हिणविणे आम्हांस मान्य नाही. आंबोली, चौकुळ व गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ज्यांच्या पायाखालची जमीनच कागदावर निश्चित नाही, त्यांनी नव्या निर्बंधांवर विश्वास कसा ठेवावा?

म्हणूनच जमिनीचा न्याय आणि जंगलाचे रक्षण हे एकच काम आहे, असे आम्ही मानतो. गावकऱ्यांचा हक्क मान्य व्हावा, कातळांची नोंद त्यांच्याच साक्षीने व्हावी आणि पावसाळी रात्री घाटातील वाहतुकीला आवर घालावा. आपणही यंदा आंबोलीस गेलात, तर रात्री गाडी हळू हाका. कातळावरील डबक्यात पाय टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. ते कुणाचे तरी घर असू शकते.