स्वतःविरुद्धचा बग रिपोर्ट

समजा टेस्टिंगवाल्याने बग टाकला आणि वर्णनात एवढंच लिहिलं, 'हे सॉफ्टवेअर भिकार आहे.' काय कराल? 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवाल. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, यातलं काहीच नाही. मग दुरुस्त काय करणार, कप्पाळ?

गंमत म्हणजे स्वतःबद्दल असाच रिपोर्ट आपण रोज टाकतो आणि मुकाट्याने मान्यही करतो. क्लायंटच्या एका प्रश्नाला अडखळलो, की 'मला बोलताच येत नाही.' प्रॉडक्शनला काही फुटलं, की 'मी या फील्डच्या लायकीचाच नाही.' वर याला आपण प्रामाणिकपणा म्हणतो! माझ्या मते हा शुद्ध आळस आहे. एका घटनेवरून अख्ख्या माणसावर शिक्का मारला, की नेमकं काय चुकलं ते शोधायची कटकटच उरत नाही.

सवय जुनी आहे म्हणा. ९२ टक्के मिळाले तरी 'उरलेले ८ कुठे गेले?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पुढे घर सुटतं, शहर बदलतं आणि तो आवाज मात्र सामानाबरोबर येतो. मग मीटिंगमध्ये उत्तर माहीत असूनही आपण गप्प बसतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःला मार्क देताना हात आखडतो. नुकसान अगदी खरंखुरं, पगाराच्या स्लिपवर दिसणारं.

मग काय, रोज आरशासमोर 'मी ग्रेट आहे' म्हणायचं? नको. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकून उलट आणखी वाईट वाटलं. साहजिकच आहे. जे पटतच नाही ते मन कशाला ऐकेल?

'पण स्वतःला झापलं नाही तर आपण सुस्तावू की!' हा नेहमीचा आक्षेप. बर्कलीच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सरीना चेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांची शब्दांची अवघड परीक्षा घेतली होती. काही जणांना सांगितलं, की ही पुष्कळांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास कोणी केला? याच मंडळींनी.

तर सांगायचा मुद्दा असा, की धीर देणारं बोलणं आधी खरं हवं, नेमकं हवं आणि त्यात पुढची पायरी हवी. 'तिसऱ्या प्रश्नाला अडखळलास, कारण आकडे हाताशी नव्हते. बाकी वीस मिनिटं व्यवस्थित बोललास. पुढच्या वेळी आकडे कागदावर लिहून ने.' टीममधल्या नव्या पोराला आपण असंच समजावतो ना? मग स्वतःशी बोलताना वेगळी भाषा कशाला?

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही बरं का. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते मनाशीच बोलायला. २०५ श्लोक, उपदेश चांगला कडक. पण मनाला हाक मारतात ती सज्जन म्हणून!

येत्या आठवड्यात एवढंच करून बघा. 'मी असाच आहे' असं वाक्य मनात आलं, की ते 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवा आणि नीट लिहून मागा. पहिले दोन-चार दिवस विचित्र वाटेल, पण रिपोर्ट सुधारतात. बघा पटतंय का!