फॉरेन्सिक सायन्सची पदवी तर घेतली, पण नोकरी नेमकी कुठे मिळते?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलाला किंवा मुलीला निदान साखर कारखान्याची लॅब तरी समोर दिसते. फॉरेन्सिक सायन्स घेतलेल्यांच्या घरी मात्र एकच प्रश्न असतो, 'यातून नोकरी कसली मिळणार?' 1 जुलै 2024 पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि या प्रश्नाचं उत्तर थोडं बदललं.

कायद्यात काय बदललं?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. या कामाचं चित्रीकरणही करायचं आहे. तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे.

म्हणजे माळशिरसच्या एखाद्या वस्तीवर खून झाला, तर पंचनामा करणाऱ्या पोलिसांसोबत तज्ज्ञही हवा. फक्त मुंबई-पुण्यात तज्ज्ञ असून हे काम भागणार नाही. केंद्राने जून 2024 मध्ये प्रयोगशाळा आणि शिक्षणसंस्था वाढवण्यासाठी 2,254 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यामागे हेच कारण आहे.

सरकारी जागा कुठे असतात?

राज्यात हे काम गृह विभागाखालचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय पाहतं. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. सोलापुरात लघु प्रयोगशाळा आहे, पण सगळ्या तपासण्या तिथे होत नाहीत. व्हिसेरा, रक्त, डीएनए, मोबाइल, आवाजाचे नमुने या प्रत्येकासाठी वेगळा विभाग आणि वेगळं मनुष्यबळ लागतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये संचालनालयाने गट क च्या 125 पदांची जाहिरात काढली होती. वैज्ञानिक सहायकापासून प्रयोगशाळा सहायकापर्यंतची पदं त्यात होती. संगणक गुन्हे आणि मानसशास्त्र यांच्या जागा वेगळ्या होत्या.

बोटांच्या ठशांचं काम मात्र या संचालनालयाकडे नाही. ते राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडे असतं. केंद्र सरकारची न्यायवैद्यक प्रयोगशाळा पुण्यातही आहे, पण तिची भरती वेगळी होते.

मग अडचण कुठे येते?

अडचण जाहिरातीतल्या शैक्षणिक अर्हतेच्या ओळीत असते. या प्रयोगशाळांची ओळख वर्षानुवर्षं 'केमिकल अॅनालायझर' अशी होती. पोलीस ठाण्यात आजही अहवालाला 'सीए रिपोर्ट' म्हणतात. इथल्या कामाचा पाया रसायनशास्त्राचा आहे. त्यामुळे फॉरेन्सिकचा पदवीधर रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेल्यांच्या स्पर्धेत उतरतो. एखाद्या पदाला विशिष्ट मूळ विषय मागितला असेल आणि तो पदवीत नसेल, तर अर्ज तिथेच अडतो.

सरकारीशिवाय पर्याय आहेत का?

आहेत, पण विषय पक्का हवा.

- डिजिटल फॉरेन्सिक: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार मोबाइल किंवा संगणकातला पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र लागतं. त्याच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही असते. याशिवाय बँका, विमा कंपन्या आणि सल्लागार कंपन्यांना फसवणुकीच्या तपासासाठी माणसं लागतात.
- हस्ताक्षर आणि दस्तऐवज तपासणी: जमिनीच्या वादात सही किंवा अंगठा खरा की खोटा हा प्रश्न तालुक्याच्या कोर्टातही येतो. खासगी तज्ज्ञाचं मतही कोर्ट विचारात घेऊ शकतं. पण उलटतपासणीत टिकेल असा अनुभव मिळवायला वर्षं लागतात.
- अध्यापन: यूजीसी-नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे. अभ्यासक्रम वाढतील तसे शिक्षकही लागतील.

प्रवेश घेण्याआधी काय पाहायचं?

पहिलं, पदवीत रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणक यांपैकी एक विषय भक्कम आहे का? दुसरं, कॉलेजमध्ये स्वतःची प्रयोगशाळा आहे का, आणि विद्यार्थी प्रत्यक्ष उपकरणावर काम करतात का? तिसरं, फी किती? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला मुख्यालय असलेलं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठही आहे. खासगी कॉलेजची मोठी फी भरण्याआधी या संस्थांच्या प्रवेशाची माहिती काढावी.

ज्यांची पदवी आधीच झाली आहे त्यांनी संचालनालयाच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढून अर्हतेची ओळ नीट वाचावी. एम.एस्सी. कशात करायची, हे त्यावरून ठरवता येईल. जागा कंत्राटी असेल तर मुदत किती आणि अनुभवाचं प्रमाणपत्र मिळणार का, हेही आधी विचारावं.

कायद्याने तज्ज्ञाची गरज मान्य केली आहे. पण प्रत्यक्ष जागा किती निघतील, हे राज्य सरकार पदं किती वेगाने मंजूर करतं आणि भरतं, यावर ठरेल. तोवर केवळ 'फॉरेन्सिक' या नावावर विसंबून राहण्यापेक्षा मूळ विषय पक्का करणंच विद्यार्थ्यांच्या फायद्याचं आहे.