व्हीलचेअर मिळाली, रस्त्याचे काय?

अपघातात मणक्याला मार बसतो, पक्षाघात होतो किंवा मधुमेहामुळे पाय कापावा लागतो. काही आठवड्यांनी रुग्ण व्हीलचेअरवर घरी जातो आणि घरच्यांना वाटते, उपचार संपले. पण पुढे तोच रुग्ण पाठीवरच्या जखमा, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा वाढलेली साखर घेऊन पुन्हा दाखल होतो. या त्रासाला आजाराइतकाच घराबाहेरचा रस्ताही कारणीभूत असतो.

कसे, ते पाहा. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला एकाच जागी बसून कातडीवर आलेला दाब जाणवत नाही. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जखमेची सुरुवात होते. बाहेर जाता येत नाही म्हणून माणूस दिवसभर एका जागी बसून राहतो. बाहेर पडलाच, तर स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाणार नाही या धास्तीने पाणी पीत नाही. स्त्रिया तर सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. त्यातून जंतुसंसर्ग आणि मुतखडा होतो, पुढे मूत्रपिंडालाही धोका पोहोचतो. दवाखान्यात नेण्यासाठी दोन माणसे लागतात, म्हणून तपासणी लांबणीवर पडते.

जालन्यात कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्यावर नवा. कामासाठी पूल ओलांडावाच लागतो. वाटेत फुटलेली फरशी, उघडी नाली, दुकानांपुढचे ओटे आणि आडव्या लावलेल्या दुचाकी. बॅटरीवरची तीनचाकीही इथे अडते. हाताने खुर्ची ढकलणाऱ्याचे तर खांदे निकामी होतात.

उपाय महाग नाही, पण मापात हवा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून खडा उतार मोटारसायकलीला चालतो. खुर्ची मात्र मागे उलटते. दार तीन फुटांचे असावे आणि उताराला दोन्ही बाजूंनी कठडा असावा.

कायदा तर केव्हाच झाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यानुसार अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. जालन्यात आता महानगरपालिका आहे. रुग्णालये, बसस्थानक, बँका आणि शाळा यांना जोडणारे रस्ते तिने आधी घ्यावेत. काम स्वीकारण्यापूर्वी व्हीलचेअरवरच्या नागरिकाला त्यावरून जाऊन पाहू द्यावे. कंत्राटदाराच्या दाखल्यापेक्षा ही तपासणी खरी.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. खुर्चीत बसलेल्याचा भार दर पंधरा ते तीस मिनिटांनी बदलावा. मध्ये भोक असलेली गोल गादी वापरू नये. तिच्या कडेने दाब वाढतो. रोज रात्री माकडहाड, कुल्ले आणि टाचा पाहाव्यात. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि दुकानदारांनी उतारापुढे दुचाकी लावू देऊ नये. त्याला ना निधी लागतो, ना ठराव.