शेवटची एसटी रद्द झाल्यावर

परक्या गावाबद्दलचे मत देवळे, बाजार, रस्ते पाहून बनते असे आपण समजतो. प्रवास सुरळीत असेल तर ते खरेही असते. गाडी किंवा विमान रद्द झाले, की मात्र हे मत खिडकीपाशी नाहीतर स्थानकाच्या बाकावरच पक्के होऊन जाते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले आणि ३८ प्रवासी विमाने कॅनडातल्या गँडर या आडबाजूच्या गावी उतरवावी लागली. दहा हजारांच्या आसपास वस्ती, आणि अचानक साडेसहा हजार परके पाहुणे! गावाने शाळा, चर्च, सभागृहे उघडली. संपावर असलेले शाळेच्या बसचे चालक संप सोडून कामावर आले. गँडरमध्ये पाहण्यासारखे फार काही नाही. तरीही जगभर त्याचे नाव आदराने घेतले जाते, ते त्या काही दिवसांमुळे.

पण माणसांच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी राहत नाही, हे युरोपने ओळखले. विमान रद्द झाल्यास जेवण, मुक्काम आणि अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई, हा नियम तिथे २००५ पासून आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली तेव्हा एका कंपनीने ‘हे संकट आमच्या हातातले नव्हते’ म्हणून हात वर केले. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला, तो असा : संकट असाधारण असेल तर भरपाई माफ, पण अडकलेल्याच्या जेवणाची आणि निवाऱ्याची जबाबदारी माफ नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे असे नियम ऑगस्ट २०१० पासून आहेत. पर्यायी विमानाची वाट पाहणाऱ्याला खाणेपिणे द्यायचे, आणि वेळेत कळवले नसेल तर उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल पाच ते दहा हजार रुपये भरपाई.

आता भीमाशंकरकडे येऊ. ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालेल्या तेलंगणातल्या किंवा गुजरातेतल्या कुटुंबाला हे ठिकाण परदेशातल्या शहराइतकेच अनोळखी असते. भाषा वेगळी, घाट अनोळखी, श्रावणात धुके आणि पाऊस, अभयारण्यात मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. देऊळ खेड तालुक्याच्या हद्दीत, वाट मंचर-घोडेगाव-डिंभे अशी आंबेगावातून, आणि गाडीचे आगार तिसरीकडेच. संध्याकाळची शेवटची एसटी आली नाही तर विचारायचे कोणाला? आरक्षण असेल तर पैसे परत मिळतात. त्यापलीकडे हक्क म्हणून मागावे असे फारसे काही हाती नाही. मग उरते खासगी जीप, मागेल त्या भाड्याने. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली आणि इतर कंपन्यांची तिकिटे भडकली, तेव्हा केंद्र सरकारने काही दिवसांतच ५०० किलोमीटरपर्यंतच्या भाड्याला साडेसात हजारांची मर्यादा घातली. घाटात अडकलेल्यांसाठी इतकी तातडी कोणी दाखवत नाही, कारण ते थोडे असतात आणि त्यांच्यासमोर वाहिन्यांचे कॅमेरे नसतात.

एसटीनेही अडकलेल्याची जबाबदारी घ्यावी म्हटले, की पहिला आक्षेप पैशांचा : विमानाचे तिकीट हजारांत, एसटीचे शंभर-दोनशेंत, मग तितकीच अपेक्षा कशी ठेवायची? तितकी ठेवायची नाहीच. हॉटेलची खोली कोणी मागत नाही. कोरडी जागा, सतरंजी, गरम जेवण आणि सकाळी पहिल्या गाडीत हक्काची जागा, एवढे पुरे. युरोपात २०१३ पासून बसच्या प्रवाशांनाही संरक्षण आहे, पण ते २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गांना. पुणे-भीमाशंकर त्यात बसणार नाही, आणि आपण तो निकष उचलूही नये. आपल्याला महत्त्व द्यायला हवे ते ‘यानंतर दुसरी गाडी आहे का’ या प्रश्नाला. शिवाय एसटीत कोण बसते? पंच्याहत्तरी ओलांडलेले लोक मोफत, महिला अर्ध्या तिकिटात. ज्यांना जीप परवडत नाही, नेमके तेच. सवलतीच्या तिकिटाची रक्कम सरकार महामंडळाला देते. अडलेल्या मुक्कामाचा थोडा खर्चही त्याच हिशेबात धरता येईल.

दुसरा आक्षेप निसर्गाचा आहे, आणि आंबेगाव तालुक्यात तो हलका मानता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. घाट धोक्यात असताना गाडी सोडा असे म्हणणारा शहाणा नव्हे. पण माळीणची खबर बाहेर पोचली तीच मुळी एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर नाही हे त्याला दिसले आणि त्याने कळवले. खबर वर पोचवणारे असे जाळे ज्या संस्थेकडे आहे, तिला तीच खबर थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आणता येऊ नये, हे पटत नाही.

नियम कागदावरच राहतात, हा तिसरा आक्षेप. डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळांवर जे दिसले ते पाहता तो खोटा नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू होणार हे इंडिगोला आधीच ठाऊक होते, तरी प्रवाशांची परवड झालीच. पण नियम होते म्हणून नंतर परतावे देण्याचे आदेश निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. नियमच नसता तर फक्त दिलगिरी मिळाली असती.

राहिला पाहुणचार. देवस्थानाच्या गावात लोक रात्री कोणाला बाहेर ठेवत नाहीत, हे खरे आणि भूषणाचे. पण कोणाच्या ओसरीवर जागा मिळणे हे नशीब आहे. आणि गाडी काही फक्त भाविकांची नसते. घोडेगावहून शिकून परतणारी तळेघर-आहुप्याकडची मुलेही अशीच फलाटावर ताटकळतात. त्यांना तर यात्रेकरूंइतकी सहानुभूतीसुद्धा मिळत नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि तिथून बरेच जण भीमाशंकरलाही येतील. रस्ते, वाहनतळ, दर्शनरांगा यांच्या बैठका होतील. त्या बैठकांत सूर्यास्तानंतर भीमाशंकरच्या थांब्यावर कोणता वाहतूक नियंत्रक हजर असेल, गाडी रद्द झाल्याचे तो मराठी आणि हिंदीत किती वेळात सांगेल आणि लोकांना झोपायला कुठे नेईल, हे लेखी ठरायला हवे.