शनिवारचा दाखला

तळ्यात सध्या एक पाहुणे आले आहेत. इस्रायलमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले बेने इस्राएली गृहस्थ. आजोळ तळ्याचे; मराठी अजून अस्सल कुलाबी. ‘तिकडे कसे काय?’ म्हणून विचारावे, तर म्हणतात, ‘‘सोय उत्तम हो! शनिवारी तेवढी बहुतेक गावांत बस मिळत नाही. अन् निवडणुका? २०१९ ते २०२२ मध्ये पाच झाल्या! संसदेत जागा १२०. पण निवडणुकीत एकट्या पक्षाला बहुमत कधीच मिळाले नाही. सगळा संसार उसनवारीचा.’’

एक सल मात्र जुनी आहे. १९६१-६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलींच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करायला सांगितले. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा १९६४ साली ‘हे पूर्ण ज्यूच’ असे सरकारने जाहीर केले.

‘‘आमचे पूर्वज इथे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत. गाव ‘शनिवार तेली’ म्हणाले, विषय संपला. दाखला नाही मागितला कुणी!’’

राज्य आपल्या धर्माचे असले, म्हणजे माणूस तिथे आपोआप आपला होतो, असे नाही. ते काम शेवटी शेजाऱ्यांचेच. फराळाची ताटे शेजारी पोचवताना, वाचकहो, एवढे ध्यानात असू द्यावे.